सकाळचे भोक, दुपारचे भोक

प्रश्न : माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे आणि विकत घेतलेल्या आराखड्यावरून मी दोन आसनी विमान बांधत आहे. एप्रिलमध्ये दोन मीटर लांबीच्या लोखंडी पट्टीची टेम्प्लेट करून तिच्यावरून सकाळी ॲल्युमिनियमच्या स्पारला (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला) आणि दुपारी पंखाच्या पत्र्याला ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटची भोके पाडली. दुसऱ्या दिवशी एका टोकाची भोके जुळली, पण दुसऱ्या टोकाला जवळजवळ अर्धा मिलिमीटर फरक आला. पत्र्यातली शेवटची चार भोके कानसीने ओढून जुळवली आहेत. आता रिव्हेट मारावेत का?
– एक वाचक, जालना

उत्तर : थांबावे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढते. शेडमधले तापमान सकाळपेक्षा दुपारी २० अंशांनी चढले असेल, तर दोन मीटरचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर वाढतो आणि आपली टेम्प्लेट ०.५ मिलिमीटरच्या आसपास. पत्रा रात्री निवून आखडला की उरतो तो ०.४ मिलिमीटरचा फरक, आणि तोच आपल्याला दिसला. लोखंडाला लोखंड जोडताना हे कधी जाणवत नाही, म्हणून मुरलेला कारागीरही इथे फसतो.

ठोकल्यावर फुगून रिव्हेट गोल भोक भरून काढतो. लांबट भोकात तो कलतो आणि पुढे सैल पडतो. मीही एकदा असेच रिव्हेट ठोकले होते. वरून डोकी सुबक दिसत होती, पण मागे आरसा धरला तेव्हा ठोकलेली टोके एका अंगाला झुकलेली दिसली. ती काढताना ड्रिल घसरले, शेजारी ओरखडा उठला, तो घालवायला मी कानस फिरवली, आणि अखेर अख्खा पत्रा भंगारात गेला.

आपली भोके स्पारच्या भोकाचा मध्य धरून जाड, म्हणजे ४ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी मोठी केल्यास लांबटपणा त्यात जेमतेम सामावेल. मात्र भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड किमान ८ मिलिमीटरवर असली पाहिजे, आणि त्याआधी आराखडा देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. कड त्याहून जवळ असेल, तर पत्रा बदलावा.

पुढचा पत्रा स्पारवरच ठेवून, मधल्या भोकापासून दोन्ही टोकांकडे क्लिको (पत्रे तात्पुरते घट्ट धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) लावत जाऊन, दोन्ही थर एकाच वेळी ड्रिल करावेत. तेही ऊन चढण्यापूर्वी.