जनसुनावणीत सामान्य माणसाने बोलून खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की गावाजवळ रसायनांचा कारखाना येतोय, पर्यावरणविषयक जनसुनावणीची जाहिरात पेपरात आलीय, आणि घरचे म्हणतात, "सगळं आधीच ठरलेलं असतं, उगाच कशाला डोळ्यावर येतोस?" मी अशा सुनावणीत बोललोय. फरक पडतो. पण तो मंडपात नाही, कागदावर पडतो.

आमच्याकडे सकाळी नऊलाच पुढच्या चार रांगा भरल्या होत्या आणि त्यातले निम्मे चेहरे गावात कुणाच्याच ओळखीचे नव्हते. माझ्यासह पाच-सहा जण तावातावाने बोललो. आमची जमीन, आमचं पाणी, आमची पोरं. टाळ्या पडल्या. इतिवृत्तात माझ्या नावापुढे काय आलं माहितीये? "प्रकल्पास विरोध दर्शवला." एवढंच. दहा मिनिटांच्या भाषणाचे तीन शब्द.

मग आमच्या एक माजी सरपंच ताई उठल्या. आवाज अगदी साधा. कंपनीच्या माणसांना म्हणाल्या, "तुमच्या पर्यावरण परिणाम अहवालात लिहिलंय की ओढा हंगामी आहे, डिसेंबरनंतर कोरडा पडतो. गावाच्या नळपाणी योजनेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, त्याच ओढ्यात आहे. ही त्या मोटारीची एप्रिल-मेची वीजबिलं. ओढा कोरडा होता तर मोटार दोन महिने काय उपसत होती?" बिलांच्या प्रती त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

या प्रश्नाला "विरोध दर्शवला" म्हणून गुंडाळता येत नाही. पुढे प्रकल्पाचा अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने कंपनीकडे नेमका याचाच खुलासा मागितला आणि ओढ्यात सांडपाणी सोडण्याचा भाग आराखड्यातून गेला. कारखाना झाला, तो अडला नाही. पण जॅकवेल आजही चालू आहे.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे होणारी ही सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. गणपूर्तीची अट नाही, हात मोजले जात नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो, चित्रीकरण होतं. निर्णय घेणारे लोक तिथे बसलेलेच नसतात. त्यांच्यापर्यंत जातात ते कागद आणि चित्रीकरण, आणि लोकांच्या मुद्द्यांना अर्जदाराने, म्हणजे कंपनीने, काय उत्तर दिलं हेही त्यात लिहावं लागतं. म्हणून उत्तर द्यावंच लागेल असा मुद्दा मांडा.

तुमच्याकडे किमान तीस दिवस असतात, ते वाया घालवू नका. अहवालाचा सारांश मराठीत मिळालाच पाहिजे. मूळ अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला ठेवलेला असतो. शेकडो पानं, तीही इंग्रजीत. ज्यांच्या विहिरी जाणार त्यांना आपल्याच विहिरींबद्दल परक्या भाषेत वाचायला लावायचं, याचा मला अजूनही संताप येतो. तरी गावातल्या शिकलेल्या पोरांना घेऊन बसा आणि फक्त आपल्या गावाची पानं काढा. ओढे, विहिरी, शाळेचं अंतर, झाडं, वस्त्या. जिथे चूक सापडेल तिथे सरकारचाच कागद शोधा: सातबारा, पाणीपुरवठ्याच्या नोंदी, शाळेचा पट. आपल्या तोंडी सांगण्यापेक्षा त्यांच्याच दप्तरातली नोंद नाकारणं त्यांना जड जातं.

पेणमध्ये हेच दिसलं. तिथल्या महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) विरोध करताना शेतकरी सांगत होते की ही जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, म्हणजे सरकारनेच तिला पाणी द्यायचं कबूल केलंय. २१ सप्टेंबर २००८ ला त्या २२ गावांत प्रशासनाला लोकांचं मत घ्यावं लागलं, आणि पुढे ते भूसंपादन तडीस गेलं नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर तर सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर बारा ग्रामसभा झाल्या, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. मात्र त्यांच्या पाठीशी वनहक्क कायदा होता. तो तुमच्या गावाला लागू नसेल तर तेवढं बळ मिळेल असं धरून चालू नका.

घरच्यांची भीती खोटी नाही. कुणाचा भाऊ ठेकेदाराकडे कामाला असतो, कुणाचं प्रकरण तहसीलला अडकलेलं असतं. म्हणून एकट्याने उभं राहू नका. आधी ग्रामसभेचा ठराव करून घ्या. ज्यांना माईकसमोर यायचं नाही त्यांनी लेखी हरकत द्यावी, तीही नोंदीत येते.

आणि जेवणाच्या वेळेला उठून घरी जाऊ नका. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं आणि तोवर मंडप रिकामा झालेला असतो. आमच्याकडे सात-आठ जण उरलो होतो. वाचन झालं, त्यात जॅकवेलचा उल्लेखच नव्हता. ताई उठल्या, पोच असलेली प्रत वर धरली आणि म्हणाल्या, "साहेब, माझं बोलणं राहिलं." कॅमेरा अजून चालू होता. लिहिणाऱ्याने पान उलटलं आणि ताईंनी शब्द न् शब्द पुन्हा सांगितला.