46 हजारांची गादी आणि बंद केलेला मेडिक्लेम

सेलूहून (जि. परभणी) एका वाचकाचं पत्र आलंय. वय 43, कृषी सेवा केंद्र चालवतात. घरात बायको, दोन मुलं आणि 72 वर्षांची आई. आईचे गुडघे दुखतात. मंगल कार्यालयात लागलेल्या 'मोफत थेरपी' शिबिरात आठ दिवस जाऊन तिला बरं वाटलं, म्हणून आता 46 हजारांची करंट देणारी गादी घ्यायची आहे. ती 4,250 च्या बारा हप्त्यांवर घ्यावी की दीड लाखाची एफडी मोडावी, एवढाच प्रश्न. जाता जाता लिहिलंय, 'मेडिक्लेम चौदा महिन्यांपूर्वी बंद केला. वर्षाला 38 हजार जायचे, परत काहीच यायचं नाही. त्याऐवजी 60 हजार हप्त्याची, 20 वर्षांनी 20 लाख देणारी पॉलिसी घेतली. मला तीन वर्षांपासून शुगर आहे.'

गादीचं आधी उरकू. हप्त्यांची बेरीज 51 हजार, म्हणजे व्याज वर्षाला जवळपास 20 टक्के पडलं. विक्रेता 'बिनव्याजी' म्हणतो ते सोडून द्या. गादी हप्त्यावरही नको आणि एफडी मोडूनही नको. तिच्यात कामाची गोष्ट आहे ती टेन्स. कातडीवर पॅड लावून हलका करंट सोडतात, त्यामुळे दुखण्याचा निरोप काही वेळ दबतो. मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ आराम मिळतो, झीज भरून येत नाही. सगळ्यांना गुण येतो असंही नाही. कोणते उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स देऊ नका असंच सांगितलंय, कारण पुरावा अपुरा आहे.

तरी आईला करून बघायचं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडे चार-पाच बैठका करा. फरक पडला तर सर्जिकलच्या दुकानात दोन चॅनेलचं, तळहाताएवढं मशीन दोन-अडीच हजारांत मिळतं. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना, वर-खाली मिळून चार पॅड लावायचे. 80 ते 100 हर्ट्झवर अर्धा तास ठेवायचं आणि जोर मुंग्या ठळक जाणवतील पण दुखणार नाही इतकाच. पॅड लावण्या-काढण्याआधी मशीन बंद. आपल्याकडे गुडघ्याला तेल नाहीतर बाम चोळलेला असतोच. त्यावर पॅड नीट चिकटत नाही, करंट एकाच कोपऱ्यातून जातो आणि चटका बसतो. म्हणून साबणाने धुवून, कोरडं करून लावा. एक पॅड 20-30 वेळा चालतो, पुढे चिकटणं सुटलं की बदला. आईला पेसमेकर असेल तर मात्र हा विषय इथेच संपला. शिबिरात तुम्हाला हे कोणी विचारलं होतं का?

आता मेडिक्लेम. 38 हजार जात होते ते आईमुळे, कारण फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीचा, हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. तिला बाहेर काढायला हवं होतं, तुम्ही पॉलिसीच बंद केली. सत्तरीपुढच्यांना 'आयुष्मान वय वंदना' कार्डावर उत्पन्न न बघता वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. आधार घेऊन तिचं कार्ड काढा, हप्ता शून्य.

तुमचं काय? हप्त्याची सवलतीची मुदत कधीच उलटली, जुनी पॉलिसी आता परत येत नाही. नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या शुगरसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तेही आज फॉर्म भरला तर. चौघांचं कवच 20-25 हजारांत बसेल, शुगरमुळे थोडं वाढेल. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी नाही. फॉर्ममध्ये शुगर लिहा. 'कशाला लिहिता?' म्हणणारा एजंट क्लेम नाकारला जाईल तेव्हा फोन उचलणार नाही.

आणि ती 20 लाखांची पॉलिसी? भरणार 12 लाख, परतावा पाच टक्क्यांहूनही कमी. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये (15 वर्षांनंतर पाच वर्षं वाढवून) आजच्या 7.1 टक्क्यांनी 26 लाखांच्या पुढे जातात. दोन हप्ते, म्हणजे 1 लाख 20 हजार, गेलेत. कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आत्ता मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारे), दोन्हींचे आकडे लेखी मागवा. आकडे बघून त्यातला एक मार्ग निवडा, पण तिसरा हप्ता भरू नका. त्याच 60 हजारांतून आधी मेडिक्लेम भरा, उरलेले पीपीएफमध्ये टाका.

एफडीला हात लावू नका. शुगरसाठी थांबायची मुदत संपायच्या आत त्यापायी दवाखाना लागला, तर बिल त्यातूनच भरावं लागेल.