वाचक विचारतात : यंदा मला कुठला पेपर मिळणार?

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीच पत्रं कॉलेजात आणि विद्यापीठात शिकवणाऱ्यांची आहेत, आणि जवळपास सगळ्यांचं दुखणं एकच, टर्म सुरू व्हायची वेळ आली तरी आपल्याला काय शिकवायचंय तेच कळत नाही. म्हणून या अंकात तीनच प्रश्न घेतलेत, पण पहिल्या दोघांना जरा सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं.

प्रश्न : मी अर्थशास्त्रात एमए आहे, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) पास आहे. तालुक्याच्या गावी दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. गेल्या वर्षी जूनमध्ये एचओडी (विभागप्रमुख) सर म्हणाले की तुम्हाला मायक्रो (सूक्ष्म अर्थशास्त्र) देणार, मी सुट्टीत मायक्रोची तयारी केली. ऑगस्टमध्ये टाईमटेबल लागलं तेव्हा माझ्या नावापुढे वैयक्तिक अर्थनियोजनाचा ओपन इलेक्टिव्ह आणि भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर होता. मायक्रो दुसऱ्यांना गेला. या वर्षीही कुणी काही नक्की सांगत नाही. तयारी कशाची करू? आणि जास्त विचारलं तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत अशी भीती वाटते.

उत्तर : तुमची भीती खरी आहे, ती मनातून काढून टाका असं मी सांगणार नाही. नेमणूक दरवर्षी नव्याने होणार असेल तर प्रश्न विचारताना माणूस दहा वेळा विचार करतोच. पण ही अनिश्चितता येते कुठून ते एकदा नीट समजून घेतलं ना, की काय विचारायचं, कुणाला विचारायचं आणि कधी विचारायचं ते बरंच सोपं होतं, म्हणून आधी ते सांगते.

आपल्याकडे महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम आधी स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठांच्या विभागांत २०२३-२४ ला आले आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. त्यात मेजर (मुख्य विषय) आणि मायनरच्या (जोडविषय) सोबतीला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे बरेच छोटे पेपर आले. मेजर कोण घेणार हे ॲडमिशनच्या वेळी बऱ्यापैकी कळतं. ओपन इलेक्टिव्हचं तसं नाही, तो दुसऱ्या शाखेची मुलं घेणार, म्हणजे तुमच्या अर्थशास्त्राच्या ओपन इलेक्टिव्हला किती मुलं येणार हे सायन्स आणि कॉमर्सची मुलं फॉर्म भरतील तेव्हाच समजणार. त्यांचे फॉर्म भरून होणार, मग कमी मुलांचा पेपर बंद होणार, त्या मुलांना दुसरा पर्याय देणार, मग वर्कलोड, म्हणजे एकूण तासांचा हिशोब, निघणार, अनुदानित कॉलेज असेल तर तो उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून तपासून येणार, आणि मग नेमणूक. एवढं सगळं होईपर्यंत पहिल्या सेमिस्टरचा बराच भाग उलटलेला असतो. तुमचे एचओडी जूनमध्ये जे बोलले ते कदाचित मनापासूनच बोलले असतील, फक्त त्यांच्या हातात तेव्हा काही नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने बोलावंसं वाटतं. क्रेडिट म्हणजे पेपर केवढा ते मोजायचं एकक. एक क्रेडिट थिअरी म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास, आठवड्याला चार. दोन क्रेडिटचा म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन. समजा तुमच्याकडे आठवड्याला ८ तास आहेत. चार क्रेडिटचे पेपर असतील तर ते दोन पेपरांत बसतात, दोन क्रेडिटचे असतील तर चार वेगवेगळे पेपर लागतात. तास तेवढेच, मानधन तेवढंच, पण चार सिलॅबस, चार प्रश्नपत्रिका, चार अंतर्गत मूल्यमापनं आणि मार्कांच्या चार याद्या. वर्कलोडच्या कागदावर हे कुठेच दिसत नाही कारण तिथे फक्त तास मोजतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे १६ तास धरलेत आणि एकूण काम ४० तासांचं, म्हणजे तयारी, तपासणी, मुलांना भेटणं हे काम आहे असं मानून पगार मिळतो. तासिकेवर काम करणाऱ्याला मात्र फक्त वर्गात उभं राहिलेल्या तासाचे पैसे. त्यामुळे पेपर वाढले की सगळा बोजा तुमच्याच घरच्या वेळेवर येतो. म्हणून एचओडींना किती तास एवढंच विचारू नका, पेपर किती आणि कुठले हेही विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

विचारायचं कसं? कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या नको. तक्रारीच्या सुरातही नको. एक छोटा अर्ज द्या किंवा मेल करा, साधारण असा : "यंदा मला तासिका मिळाल्यास खालील पेपर शिकवण्याची माझी तयारी आहे, क्रमाने : मायक्रो, बँकिंग, वैयक्तिक अर्थनियोजन. शक्य असल्यास वेगवेगळे पेपर तीनपेक्षा जास्त नसावेत ही विनंती. दुसऱ्या कॉलेजात माझे तास मंगळवार आणि गुरुवारी असतात." बस. यात कुणाला राग यावा असं काही नाही, उलट टाईमटेबल लावणाऱ्याचं काम सोपं होतं, आणि ऐनवेळी पेपर वाटताना ज्याने लिहून दिलंय त्याचा कागद समोर असतो. दोन्ही कॉलेजांना एकाच दिवशी द्या, म्हणजे वारांचा घोळ होणार नाही. उत्तर आलं नाही तरी तारीख घातलेली प्रत तुमच्याकडे ठेवा.

आणि तयारी. पेपर धरून तयारी करू नका, विषय धरून करा. महागाई घ्या. महागाई कशी मोजतात, ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे काय, २०१६ पासून रिझर्व्ह बँकेपुढे ४ टक्क्यांचं लक्ष्य आणि त्याच्या खाली-वर २ टक्क्यांची मुभा असते ती का, लासलगावला कांद्याचा भाव पडला तरी मुंबईत गिऱ्हाईकाला तो तेवढा स्वस्त का मिळत नाही. हीच टिपणं मॅक्रोला चालतात, भारतीय अर्थव्यवस्थेला चालतात, आणि अर्थनियोजनाच्या पेपरात याच टिपणांवरून मुलांना दाखवता येतं की एफडीवर ७ टक्के व्याज मिळालं आणि महागाई ५ टक्के असली तर खरी वाढ जेमतेम २ टक्के. असे आठ-दहा विषय पक्के करून ठेवले, मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, बँका, कर, शेतीमालाचे भाव, की ऐनवेळी कुठलाही अर्थशास्त्राचा पेपर आला तरी पहिले तीन आठवडे तुम्ही हातातल्या साहित्यावर उभ्या राहू शकता आणि तेवढ्यात पुढचं तयार होतं. ई-पीजी पाठशाला आणि स्वयम् या सरकारी संकेतस्थळांवर अर्थशास्त्राचं साहित्य फुकट आहे, पण ते इंग्रजीत जास्त, तुमच्या वर्गासाठी मराठीत टिपणं तुम्हालाच करावी लागतील आणि ती केलीत तर ती कायम तुमची.

भारतीय ज्ञान प्रणालीबद्दल वेगळं सांगते. तुमच्या विषयाबाहेरचा पेपर आलाय, तर सगळं पाठ करून वर्गात जायचा प्रयत्न करू नका. सिलॅबसमध्ये तुमच्या विषयाजवळचा भाग शोधा, व्यापार, नाणी, जलव्यवस्थापन, कौटिल्याचा 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ, आणि तिथून सुरुवात करा. ज्याबद्दल खात्री नाही ते मुलांना ठामपणे सांगू नका. उद्या बघून सांगते असं म्हणणाऱ्या मॅडमवर मुलं जास्त विश्वास ठेवतात हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या एका विभागात असोसिएट प्रोफेसर आहे. बाहेरून येणाऱ्या आणि तात्पुरत्या शिक्षकांची मेंटॉर म्हणून जबाबदारी माझ्याकडे दिलीय. मे-जूनपासून त्यांचे फोन सुरू होतात, मॅडम यंदा काय? मला स्वतःलाच माहीत नसतं. खोटं आश्वासन द्यायचं नाही म्हणून मी फोन उचलणं टाळते. हे बरोबर नाही हे कळतं. काय करावं?

उत्तर : फोन उचला. नाही उचललात तर समोरचा माणूस त्याचा अर्थ आपलं नाव कटलं असाच लावतो आणि मग तो जुलैत दुसरीकडे मिळेल ते पकडतो, ऑगस्टमध्ये तुम्हाला माणूस हवा असतो तेव्हा तो नसतो. नुकसान दोघांचं, आणि मुलांचं सगळ्यात जास्त.

तुमच्याकडे पूर्ण उत्तर नसेल, अर्धं नक्की असतं. मे महिन्यातच विभागाचे सगळे पेपर एका कागदावर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा, पक्का, बहुतेक, की मुलांवर अवलंबून. कंपल्सरी मेजर पक्के. मागच्या दोन वर्षांत भरलेले इलेक्टिव्ह बहुतेक. नवे आणि गेल्या वेळी काठावर वाचलेले मुलांवर अवलंबून. हा कागद सगळ्या शिक्षकांना एकाच वेळी पाठवा आणि खाली लिहा की पुढची माहिती अमुक तारखेला कळवेन. त्या तारखेला काहीच नवीन कळलं नसेल तरी कळवा, "अजून मंजुरी आली नाही, आता पुढच्या सोमवारी कळवते". माणसाला न कळण्यापेक्षा कधी कळेल हेच माहीत नसण्याचा त्रास जास्त होतो.

आता जे बोलायला विभागात कुणालाच आवडत नाही ते. बहुतेक ठिकाणी वाटप असं होतं की सिनियर मंडळी आपले नेहमीचे पेपर आधी उचलतात आणि उरलंसुरलं, नवं सिलॅबस, मोठा वर्ग, सकाळी सातचा तास, हे सगळं तात्पुरत्या माणसाच्या वाट्याला येतं. म्हणजे ज्याला तयारीचे पैसे मिळत नाहीत त्याच्याकडेच सगळ्यात जास्त तयारीचं काम जातं. मेंटॉर म्हणून तुमचं खरं काम इथे आहे असं मला मनापासून वाटतं, फोनवर धीर देण्यात नाही. विभागाच्या मीटिंगमध्ये दोन गोष्टी मांडा आणि इतिवृत्तात येऊ द्या. एक, प्रत्येक तात्पुरत्या शिक्षकाकडे निदान एक पेपर असा असावा जो तो पुन्हा आला तर त्याच्याकडेच राहील, लागोपाठ दोन वर्षं तरी. दोन, ऐनवेळी सुटलेला पेपर पाळीपाळीने घ्यायचा आणि त्या पाळीत कायम शिक्षकही असतील, तुम्हीसुद्धा. पहिला पाळीचा पेपर तुम्ही स्वतः घेतलात तर बाकीच्यांना नाही म्हणणं अवघड जातं.

प्रत्येक पेपरचं एक फोल्डर करून ठेवा ड्राईव्हवर. सिलॅबस, मागच्या तीन प्रश्नपत्रिका, आधी शिकवलेल्याचं तासांचं नियोजन, कुठला युनिट मुलांना जड जातो याची चार ओळींची नोंद. पेपर हातात पडला त्या दिवशी नव्या माणसाला ही लिंक मिळाली तर त्याचे दोन आठवडे वाचतात. जुने शिक्षक टिपणं द्यायला कुरकुरतील, टिपणं नका मागू, नियोजन आणि नोंद एवढंच मागा, ते देतात.

अजून एक, ज्याला पेपर दोन दिवस आधी मिळालाय त्याच्या वर्गात पहिल्या आठवड्यात निरीक्षणाला बसू नका आणि विद्यार्थ्यांचा फीडबॅक वाचताना तो पेपर कधी दिला होता ती तारीख शेजारी लिहा. पेपर ठरला पण मुलंच आली नाहीत आणि बंद झाला, तर ते त्या माणसाला इतरांकडून कळू देऊ नका. त्याने तेवढ्यासाठी दुसरीकडचे तास सोडलेले असू शकतात. तुम्ही स्वतः फोन करा, आणि त्याच्या विषयाचं शेजारच्या विभागात काही मिळतंय का ते बघून मग करा.

बाहेरून येणाऱ्या शिक्षकांच्या मानधनाचा विषय निघाला की त्यांना यूजीसीची मर्यादा माहीत असू द्या. अतिथी शिक्षकांसाठी यूजीसीने २०१९ मध्ये एका व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं ठरवून दिलंय. प्रत्यक्ष हातात काय पडणार ते विद्यापीठाच्या आणि राज्याच्या दरावर ठरतं, त्यामुळे दर आणि बिल कधी निघतं हे पहिल्याच बोलण्यात स्पष्ट सांगा. पैसे मागायला त्यांना लाज वाटते, त्यांच्यावर ती वेळ आणू नका.

प्रश्न : मी चार वर्षं सीएचबीवर आहे, दरवर्षी पेपर वेगळे, मध्ये एक सेमिस्टर कामच नव्हतं. या अनुभवाचा पुढे काही उपयोग होतो का?

उत्तर : भरतीच्या शॉर्टलिस्टिंगमध्ये होऊ शकतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतल्या तक्त्यात असिस्टंट प्रोफेसरसाठी शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०, आणि वर्षापेक्षा कमी काळ असेल तर त्या प्रमाणात कमी. म्हणजे मध्ये सेमिस्टर सुटलं म्हणून बाकीचं वाया जात नाही. बढतीच्या योजनेत मात्र आधीची तात्पुरती सेवा धरायला अट आहे की पगार नियमित असिस्टंट प्रोफेसरच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावा, तिथे तासिकेच्या मानधनावर आशा धरू नका. तुमच्या हातात आहे ते कागद सांभाळणं. प्रत्येक वर्षाची नेमणूक ऑर्डर, विद्यापीठाची मान्यता असेल तर ते पत्र, आणि वर्ष संपल्यावर लगेच अनुभवाचा दाखला, ज्यात कधीपासून कधीपर्यंत, पदवी की पदव्युत्तर, कुठले पेपर, आठवड्याला किती तास हे सगळं असेल. जावक क्रमांक आहे का तेवढं कॉलेजातून निघायच्या आधी बघा. प्राचार्य बदलले की जुना दाखला मिळवायला खूप खेटे घालावे लागतात, त्यामुळे मागच्या चार वर्षांतला एखादा राहिला असेल तर याच आठवड्यात अर्ज द्या.