एकाच ड्रॉइंगमध्ये मोटर, ब्रायडल, पॉइंट हवे तेव्हाच दिसावेत यासाठी काय करावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे: ऑटोकॅडच्या (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) एकाच फाइलमध्ये स्टेज, ट्रस (दिवे टांगायचा जाळीदार सांगाडा), चेन मोटर (तो सांगाडा साखळीने उचलणारी मोटर), ब्रायडल (दोन पायांनी वर बांधलेली टांगणी), पॉइंट (टांगण्याची जागा) आणि त्यांचे भार असं सगळं काढलंय. लायटिंगवाल्यांच्या शीटवर मोटर आणि भाराचे आकडे नकोत, रिगरच्या (हे सगळं टांगणाऱ्याच्या) शीटवर दिवे नकोत. दर वेळी लेअर (ड्रॉइंगचे एकावर एक असलेले थर) बंद-चालू करताना काहीतरी राहून जातं. मोटरचा लेअर बंद केला तरी काही मजकूर हवेत लटकलेला दिसतो. म्हणून दोन वेगळ्या फाइली कराव्यात का, असं तुम्ही विचारताय.

दोन फाइली अजिबात करू नका. पहिल्याच बदलात त्यांची फारकत होते आणि खरा पॉइंट कोणत्या फाइलमधला, हे कुणालाच सांगता येत नाही. फाइल एकच राहू द्या आणि लपवाछपवी शीटवर, म्हणजे लेआउटमधल्या (छापायच्या पानावरच्या) व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीत करा. मॉडेलमध्ये, म्हणजे मूळ ड्रॉइंग जिथे काढतो तिथे, सगळं कायम उघडं असलं पाहिजे.

मी याबाबत इतका आग्रही का आहे, ते सांगतो. एका कामात ट्रसच्या कडा नीट दिसाव्यात म्हणून मी मॉडेलमध्येच पॉइंटचा लेअर फ्रीझ केला होता. थोड्या वेळाने निरोप आला की पुढचा ट्रस 600 मिलिमीटर मागे घ्यायचा आहे. माउसने निवडीची चौकट ओढून ट्रस आणि दिवे निवडले आणि हलवले. ट्रस सरकला, पण फ्रीझ केलेले चारही पॉइंट निवडीत आलेच नव्हते, ते जुन्या जागीच राहिले. दुसऱ्या दिवशी रिगरने शीटवरच्या मापांनी जमिनीवर खडूच्या फुल्या मारल्या. ट्रसचे तुकडे जोडून ठरलेल्या जागी आणले तेव्हा चारही फुल्या ट्रसच्या बाहेर. ते जमिनीवरच लक्षात आलं म्हणून केवळ फुल्या पुसून पुन्हा माराव्या लागल्या. तेव्हापासून मॉडेलमध्ये रिगिंगचा एकही लेअर मी फ्रीझ किंवा ऑफ ठेवत नाही. कामात अडथळा वाटला तर लॉक करतो. लॉक केलेली वस्तूही ट्रसबरोबर हलत नाही हे खरं, पण ती फिकी होऊन डोळ्यांसमोर राहते, त्यामुळे मागे काय राहिलं ते लगेच दिसतं.

ऑफ आणि फ्रीझ यांतला फरक इथे नीट समजून घ्या, कारण तुमचा लटकणारा मजकूर त्यातूनच येतोय. मोटरचा ब्लॉक (एकत्र बांधलेलं, पुन्हा पुन्हा वापरायचं चिन्ह) तुम्ही मोटरच्या लेअरवर ठेवलाय, पण ब्लॉकच्या आतल्या वस्तूंना त्यांचे स्वतःचे लेअर आहेत. ज्या लेअरवर ब्लॉक ठेवलाय तो ऑफ केला, तर आतलं फक्त तेवढंच जातं जे त्या लेअरवर आहे किंवा शून्य लेअरवर काढलेलं आहे. भाराचा आकडा वेगळ्या लेअरवर असेल तर तो तसाच दिसत राहतो. तोच लेअर फ्रीझ केला की अख्खा ब्लॉक जातो, आत काहीही कुठल्याही लेअरवर असो. आणखी एक धोका: ऑफ लेअरवरच्या वस्तू निवडीतून पूर्ण सुटत नाहीत. निवडताना 'ऑल' टाइप केलं तर त्याही पकडल्या जातात आणि इरेज केलं तर न दिसता पुसल्या जातात. फ्रीझ किंवा लॉक लेअरच्या बाबतीत असं होत नाही.

म्हणून ब्लॉक असा बांधा: मोटरचं चित्र आत शून्य लेअरवर, रंग बायलेअर (म्हणजे लेअरचा जो असेल तो). भाराचा आकडा अ‍ॅट्रिब्यूट (ब्लॉकला जोडलेला, बदलता येणारा मजकूर) म्हणून, 'रिग-भार' अशा स्वतंत्र लेअरवर. मोटरचा क्रमांक आणखी तिसऱ्या लेअरवर, कारण क्रमांक लायटिंगवाल्यांनाही लागतो, भार लागत नाही. ब्लॉक ठेवायचा 'रिग-मोटर' लेअरवर. आता 'रिग-भार' फ्रीझ केला की फक्त आकडे जातात, 'रिग-मोटर' फ्रीझ केला की सगळंच जातं. ट्रस, ब्रायडल, डेड हँग (थेट टांगणी) आणि पॉइंटची फुली यांनाही असेच आपापले लेअर द्या. सगळ्या नावांची सुरुवात 'रिग-' ने केलीत तर लेअरच्या यादीत ते एकाखाली एक येतात आणि एका फिल्टरमध्ये बसतात.

आता शीट. लेआउटमध्ये जा, व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करा, त्याची चौकट जाड झाली की लेअर प्रॉपर्टीज उघडा. इथे बहुतेकांची चूक होते. फ्रीझ नावाचा नेहमीचा रकाना डावीकडे असतो, त्यावर क्लिक केलं तर लेअर सगळीकडे फ्रीझ होतो, मॉडेलमध्येसुद्धा. तुम्हाला हवाय तो 'व्हीपी फ्रीझ' हा उजवीकडचा रकाना. तो मॉडेल टॅबमध्ये दिसतच नाही, फक्त लेआउटमध्ये दिसतो. पॅनेल अरुंद असेल तर उजवीकडे सरकवून शोधावा लागतो. त्यात केलेला बदल फक्त त्या एका व्ह्यूपोर्टपुरता राहतो. काम झालं की व्ह्यूपोर्टचा डिस्प्ले लॉक करा, म्हणजे चुकून झूम होऊन स्केल बिघडणार नाही.

लायटिंगच्या शीटवर मोटर पूर्ण घालवू नका, असं माझं मत आहे. चेन कुठून खाली येते हे माहीत नसेल तर दिवा नेमका तिथेच टांगला जातो. त्यापेक्षा शेजारच्या 'व्हीपी कलर' रकान्यात 'रिग-मोटर' ला फिका राखाडी रंग द्या आणि भार तेवढा व्हीपी फ्रीझ करा. ब्लॉकमधल्या वस्तू बायलेअर असतील तरच हा रंग लागू होतो, म्हणून वर बायलेअरचा आग्रह धरला.

रिगरच्या शीटवर मात्र हात आखडता घेऊ नका. पॉइंटची मापं ठरलेल्या मूळ बिंदूपासून, प्रत्येक पॉइंटचा भार, ट्रसची ट्रिम हाइट (टांगल्यावरची उंची) आणि ब्रायडलचा कोन दिसलाच पाहिजे. शीट भरलेली वाटते म्हणून ब्रायडलचं सेक्शन (बाजूने दाखवलेला छेद) लपवणारे मी पाहिलेत. दोन सारख्या पायांमधला कोन 120 अंश झाला की प्रत्येक पायावर खाली टांगलेल्या अख्ख्या भाराइतका ताण येतो, त्यापुढे तो आणखी वाढतो. प्लॅनमधल्या दोन रेघांवरून हे कुणालाही कळणार नाही. जागा पुरत नसेल तर सेक्शनसाठी दुसरी शीट घ्या.

डायनॅमिक ब्लॉकच्या व्हिजिबिलिटी स्टेटने (एकाच ब्लॉकची वेगवेगळी रूपं निवडायच्या सोयीने) हे काम होईल का, हाही विचार तुमच्या मनात येईल. स्टेट चांगली सोय आहे, पण वेगळ्या कामासाठी. मोटरची बॉडी वर आहे की खाली, प्लॅनचं चिन्ह हवं की एलेव्हेशनचं, हे स्टेटने ठरवा. ती ठेवलेल्या प्रत्येक ब्लॉकची असते, व्ह्यूपोर्टची नसते. एका शीटवर बदललीत की तीच मोटर सगळ्या शीटवर बदलते. तसंच 'आयसोलेट ऑब्जेक्ट्स' आणि 'हाइड ऑब्जेक्ट्स' हे काम करताना क्षणभर वापरायचे, शीट बनवायला नाही.

सभागृहाची ड्रॉइंग एक्सरेफ (बाहेरून जोडलेली वेगळी फाइल) म्हणून जोडली असेल तर तिच्यातले नको ते लेअरही असेच व्हीपी फ्रीझ करता येतात. फक्त 'व्हिसरिटेन' (VISRETAIN) या ऑटोकॅडच्या सेटिंगची किंमत 1 आहे ना ते बघा. 0 असेल तर फाइल पुन्हा लोड होताना तुमच्या सेटिंगवर पाणी पडतं. छताच्या बीमचा लेअर मात्र रिगरच्या शीटवर ठेवा.

शीट जमल्या की प्रत्येकीची लेअर स्टेट (कोणता लेअर कसा ठेवलाय याची नोंद) साठवा. रिस्टोअर करताना व्ह्यूपोर्टच्या आत आहात याची खात्री करून घ्या.

व्हेक्टरवर्क्स या दुसऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांच्यासाठी: तिथे लेअरऐवजी बरंचसं काम क्लासवर चालतं आणि शीट लेअरवरच्या प्रत्येक व्ह्यूपोर्टला क्लास-लेअर दाखवण्याचं स्वतःचं सेटिंग असतं. दिसणं आणि न दिसणं यांच्या मधला 'ग्रे' हा पर्याय तिथे तयारच मिळतो.

शेवटची सवय, जी मी कधी सोडत नाही: पाठवण्याआधी 'लेअर वॉक' ही लेअर एकेक करून दाखवणारी कमांड चालवा, 'रिग-' चे लेअर एकेक करून पडद्यावर आणा आणि मोटरचे ब्लॉक बोटाने मोजा. तोच आकडा रिगरच्या छापलेल्या शीटवर मोजून येतो का ते पाहा. एक जरी कमी भरला तरी शीट पाठवू नका, आधी तो पॉइंट शोधा.