कैद्यांच्या सुधारणा योजना म्हणजे 'लाड' आहेत, त्या बंद करा, असं म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना काय उत्तर द्यावं?

मी सांगलीत फौजदारी वकिली करतो. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे तुरुंगात जाणं-येणं असतं, तेव्हा माझं मत एका बाजूला झुकलेलं वाटलं तर वाटू द्या.

आधी लाड कुणाचे चाललेत ते बघा. 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यातले जवळपास 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटलाच अजून संपलेला नाही असे. मजुरी, संचित रजा (फर्लो, म्हणजे शिक्षा भोगताना घरी जायला मिळणारी ठरावीक सुट्टी), खुला तुरुंग हे सगळं मुख्यतः पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी आहे आणि तेही वागणूक बघून. सभेत ज्या गर्दीकडे बोट दाखवलं जातं, तिच्यातल्या बहुतेकांना या योजनांचा वारासुद्धा लागत नाही.

"खुन्याला पगार कशाला?" हा ठरलेला प्रश्न. सक्तमजुरी करणाऱ्याला रास्त मोबदला द्यावा आणि त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढता येईल, असं सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्येच म्हटलंय. मजुरी बंद केली तर भरपाई कशातून काढणार? येरवड्यात 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेनं कैद्यांना 7 टक्क्यांनी 50 हजारांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली, त्याचा हप्तासुद्धा या मजुरीतूनच जातो. घरी शाळेची फी थकलेली असते, वकिलाची थकलेली असते (हे अनुभवानं सांगतो).

पण माझ्या मते खरा दबाव भाषणात नसतोच, तो पोलीस अहवालात असतो. संचित रजेचा अर्ज आला की कैद्याच्या गावच्या ठाण्याकडून अहवाल मागवतात. मागे एक बाई नवऱ्याच्या रजेच्या नामंजुरीचा कागद घेऊन आल्या होत्या. चार घड्या घातलेला, कोपऱ्याला हळद लागलेली. कारण एका ओळीत होतं: "सदर बंदी गावी आल्यास शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही." कशावरून? काही नाही. फिर्यादीच्या घरी कुणी विचारायलाही गेलं नव्हतं. त्या सुमाराला गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि नवरा विरोधी गटाचा, एवढंच. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, आमच्यात भांडाय माणूसच कोण उरलाय?"

याची दुसरी बाजूही ऐका. 'लाड बंद करा' म्हणून टाळ्या घेणारी मंडळीच आपल्या कार्यकर्त्याच्या अभिवचन रजेसाठी (पॅरोल, म्हणजे घरच्या अडचणीसाठी मिळणारी सुट्टी) फोन फिरवतात. आईच्या आजारपणाचं सर्टिफिकेट तेव्हा बरोबर वेळेवर मिळतं. म्हणून मी या योजनांची बाजू दयामायेवर मांडत नाही. निकष लेखी हवेत, नकाराला कारण हवं आणि त्या कारणाला पुरावा हवा. असं झालं तर पुढाऱ्याच्या रागानं गरिबाची रजा अडत नाही आणि त्याच्या लोभानं गुंडाला ती मिळतही नाही. बेकायदा नकाराविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाच त्या न्यायालयाचं सर्किट बेंच झालंय. एस.टी.नं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

"गुन्हेगार सुधारतो हे पुस्तकी आहे" म्हणणाऱ्याला आटपाडीचा रस्ता दाखवा. औंध संस्थानात 1939 मध्ये भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांनी तिथं स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसह राहून शेती करतात, भिंत नाही. आपल्या जिल्ह्याला तुरुंग म्हटला की 1943 मध्ये सांगलीच्या तुरुंगातून पळताना वसंतदादा पाटलांनी मारलेली उडी आठवते. इथं उडी मारायला तटच नाही! शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (1957) याच प्रयोगावरून निघाला आणि लिहिला तो आपल्या माणदेशच्या गदिमांनी. संस्थान गेलं, किती सरकारं आली नि गेली, वसाहत अजून कारागृह विभागाकडे चालू आहे. अर्थात तिथं निवडून माणसं पाठवतात, सरसकट कुणालाही नाही. ती निवड नीट होते का, हा प्रश्न पुढाऱ्यांनी जरूर विचारावा.

फिर्यादी पक्षाची भीती मात्र खोटी नसते. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना कैदी रजेवर येणार हे चहाच्या टपरीवर कळतं, हे वाईट आहे. आधी कळवणं, गरज असेल तर रजेत दुसऱ्या गावी राहण्याची अट घालणं, रोज ठाण्यात हजेरी लावणं हे सगळं करता येतं. त्यासाठी योजना बंद करायची गरज नाही.

तुम्हाला प्रत्यक्ष काही करायचं असेल तर माहिती अधिकारात एक अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत संचित रजेचे अर्ज किती आले, किती नामंजूर झाले, कारणं काय, आणि रजेवर गेलेल्यांपैकी वेळेत किती परतले. पुढारी पुन्हा बोलले की तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका, नाहीतर तेवढ्यावरच परत पाठवतात.