'लोकेशन शूटिंग'ला 'बाह्यचित्रण' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : मूकपटांच्या काळातील एका वेस्टर्नच्या (अमेरिकेच्या पश्चिम भागातील जुन्या काळच्या कथेवरील चित्रपटाच्या) निर्मितीवर मराठीत लिहायचे आहे, तेव्हा 'लोकेशन शूटिंग'साठी 'बाह्यचित्रण' चालेल का?

माझ्या मते त्या काळापुरते तरी चालणार नाही. 'बाह्य' म्हणजे उघड्यावरचे. पण १९१०च्या दशकात स्टुडिओतले कामही बरेचसे उघड्यावरच होई. लाकडी मंच, त्यावर दोन-तीन भिंती, आणि ऊन सौम्य व्हावे म्हणून वर ताणलेले पातळ पांढरे कापड. दिवाणखान्यातला प्रसंगसुद्धा सूर्यप्रकाशातच घेतला जाई. आपल्याकडे फाळक्यांनी १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादरला सेट उभारले ते उन्हाच्याच भरवशावर, आणि गावाकडच्या दृश्यांसाठी मंडळी वांगणीला गेली. आभाळ दोन्हीकडे मोकळेच होते. बदलली ती जागा.

वेस्टर्नमध्ये तर जागा बदलणे हाच सगळा खटाटोप. जॉन फोर्ड यांच्या 'द आयर्न हॉर्स' (१९२४) या चित्रपटात अमेरिका आरपार जोडणाऱ्या रेल्वेची कथा आहे. तिच्यासाठी सगळी कंपनी ऐन हिवाळ्यात नेव्हाडात जाऊन राहिली. राहायला सर्कसचे रेल्वेचे डबे भाड्याने घेतलेले, बाहेर बर्फ. कथेतले गाव म्हणून बांधलेल्या लाकडी घरांतही माणसे झोपत. 'बाह्यचित्रण' या शब्दात यातले काहीच येत नाही. घर सोडून लांब जाणे, तिथेच राहणे, तिथल्या हवेशी झगडणे, हा अर्थ 'लोकेशनवर' या शब्दात येतो, आणि तो आता पुरता मराठी झाला आहे. 'लोकेशनवरचे चित्रीकरण' असे बेधडक लिहा. अगदी नकोच वाटला तर 'प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण'. मात्र 'चित्रण' टाळा. 'व्यक्तिचित्रण', 'समाजचित्रण' यांमुळे वाचकाला तो वर्णनाचा शब्द वाटतो.

राहण्याच्या जागेला 'कॅम्प' लिहिण्याऐवजी 'मुक्काम' लिहा, ही माझी आग्रहाची सूचना. आपल्या नाटक कंपन्यांचे मुक्काम गावोगाव पडत. 'कंपनीचा मुक्काम नेव्हाडात होता' या चार शब्दांत सामान, स्वयंपाक, भांडणे, आजारपणे सगळे आले.

बोलपटांविषयी लिहिताना 'बाह्यचित्रीकरण' वापरायला माझी हरकत नाही. आवाजासाठी काम बंदिस्त स्टुडिओत गेले, आणि मग आत-बाहेर हा भेद खराच उरला.