नारळाच्या रसावर हाडं पोसत नाहीत

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

दूध-दही सोडलंस, मासळीही सोडलीस आणि दुधाच्या जागी नारळाचा रस सुरू केलास, असं लिहिलंयस. सोडलंस ते तुझं तू ठरवलंस, त्यावर माझं काही म्हणणं नाही. बदली मात्र चुकली आहे. गाईच्या 100 मिलि दुधात साधारण 120 मिग्रॅ कॅल्शियम असतं. नारळाच्या घट्ट रसात 20 सुद्धा नाही. सोलकढी चवीसाठी पी, हाडांसाठी नको. घरी काढलेल्या बदामाच्या दुधाचंही तेच. दहा-बारा बदामांत मिळून 30-35 मिग्रॅ, आणि त्यातलंही बरंच चोथ्याबरोबर जातं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज 1000 मिग्रॅ लागतं. किनाऱ्यावर दूध तसं बेताचंच, पण काट्यासकट खाल्लेली मांदेली आणि सुका जवळा ही उणीव भरून काढत. तू एकदम दोन्ही वाटा बंद केल्यास, म्हणून हिशेब मांडावाच लागेल.

विकतचं सोयाचं किंवा ओट्सचं दूध घेताना पुढचं चित्र पाहू नकोस, मागचा तक्ता वाच. 100 मिलिला 120 मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम लिहिलेलं हवं आणि घटकांत कॅल्शियम कार्बोनेट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट दिसायला हवं. ते नसेल तर ते कॅल्शियमच्या हिशेबात धरू नकोस. हे क्षार तळाशी बसतात, म्हणून दर वेळी डबा जोरात हलव. नाहीतर वरचं पाणी तू पिणार आणि कॅल्शियम रिकाम्या डब्याबरोबर कचऱ्यात.

आता नाचणी. 100 ग्रॅममध्ये 350 मिग्रॅच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं हुकमी धान्य. पण हे कॅल्शियम बरंचसं सालाकडच्या भागात असतं. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जे सत्त्व करतात, त्यात पिष्ट राहतं आणि कोंडा फेकला जातो. नाव सत्त्व, पण कॅल्शियमच्या बाबतीत उलटाच प्रकार! चाळलेल्या पिठाचंही थोडंफार तसंच. पीठ न चाळता भाकरी कर. दुसरी अडचण फायटेट या धान्यातल्याच घटकाची. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यावर उपाय म्हणजे मोड काढणं: नाचणी 10-12 तास भिजव, निथळून फडक्यात बांध, दिवसभरात बारीक कोंब दिसले की पसरून वाळव, हलकी भाज आणि दळ. पावसाळ्यात मात्र आपल्याकडच्या दमट हवेत वाळायच्या आत बुरशी धरते. पंख्याखाली पातळ पसर, आंबूस किंवा कुबट वास आला तर टाकून दे. हा खटाटोप जमत नसेल तेव्हा साधी आंबील कर. आंबवण्यानेही फायटेट उतरतं.

कुळीथ 100 ग्रॅमला 270 च्या आसपास, तेव्हा पिठी जेवणात नेहमी असू दे. तीळ सालासकटचेच घे, भाजून कुटून खा. पॉलिशच्या तिळांतलं बहुतेक कॅल्शियम सालाबरोबर जातं. अळू, माठ, पालक यांचे आकडे भुलवतात, पण त्यांतल्या ऑक्झलेटमुळे, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे, पालकातलं जेमतेम 5 टक्के अंगी लागतं. दुधातलं लागतं 30 टक्क्यांच्या आसपास. भाज्या खा, हिशेबात धरू नकोस. शेवग्याचा पाला त्यामानाने बरा. टोफू घेताना कॅल्शियम सल्फेटने जमवलेला पाहून घे. लिंबाने फाडलेल्यात ती भर पडत नाही.

एक दिवस असा: न चाळलेल्या 100 ग्रॅम नाचणी पिठाच्या भाकऱ्या 350, 40 ग्रॅम कुळीथ 110, 50 ग्रॅम शेवग्याचा पाला 150, 10 ग्रॅम तीळ शंभरच्या वर, आणि कॅल्शियम घातलेलं सोया दूध 200 मिलि, म्हणजे 240. बेरीज हजारच्या जवळ जाते. पण धान्य-तिळांतलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून हे सोया दूध वगळलंस की खड्डा पडतो.

लोणचं-पापडावर हात आवर. जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही जातं. कुणी गव्हाएवढा चुना खा म्हणालं तर ऐकू नकोस. तो दाहक असतो, आणि त्याची मात्रा व शुद्धता कोण मोजणार? त्यापेक्षा कॅल्शियमची गोळी बरी. कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर, कॅल्शियम सायट्रेटची कधीही, एका वेळी 500 मिग्रॅपेक्षा जास्त नको आणि लोहाच्या गोळीसोबत तर नकोच. मुतखडा झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. आहारात कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून रक्ताची पातळी राखतं. तपासायचं तर ड जीवनसत्त्व तपास, कारण त्याच्याशिवाय कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन कुठलं? या जीवनसत्त्वाची प्राण्यांपासून न काढलेली रूपं, म्हणजे ड-2 किंवा दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं ड-3, तुला चालतील. त्याच वेळी बी-12 ही बघून घे. ते नाचणी-कुळथांत मिळत नाही, त्याची गोळी तुला घ्यावीच लागेल.